जेऊरच्या ग्रहणातले दोन डॉलर

खोटी नोट मला हाताला कळते. पतसंस्थेत कॅशियर आहे मी, दिवसभर दुसरं काम काय? पाचशेची नोट नुसती बोटांतून सरकली तरी मी मान वर करून समोरच्याकडं बघते, आणि समोरचा ओशाळतो. असं असताना घरातलीच एक नोट दोन दिवस उलटी-सुलटी करून ती खरी का खोटी ते मला सांगता येईना. माझं डोकं किती फिरलं असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

नोट अमेरिकेची होती, दोन डॉलरची. माझे सासरे त्रिंबकमामा रेल्वेत गँगमन होते, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ती जुन्या पासच्या घडीत ठेवलेली होती. मामा गेल्या वर्षी वारले. येत्या रविवारी त्यांचं पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन, विहाराचा हॉल सांगून ठेवलेला, पत्रिका वाटून झालेल्या. आणि सोमवारी संध्याकाळी मी कामावरून येऊन अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती, तोच आत्यांनी ती नोट माझ्या नाकासमोर धरली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई.

‘चैताली, तू ब्यांकेत हाईस. सांग, ही खरी हाय का खोटी?’

‘आत्या, ती पतसंस्था आहे.’

‘नोटा बगतीस न्हवं? मग सांग की.’

मी म्हटलं, आत्ताच कशाला, रविवारचं होऊन जाऊ दे. तर म्हणाल्या, रविवारसाठीच पाहिजे. ‘सगळी उटून बोलनार. कष्टाळू हुता, शांत हुता, आसलं कायबाय. खरी निगाली तर मी बी बोलनार. माइकवर. खोटी निगाली तर फाडून टाकीन आन् गप बशीन.’

आत्या आणि माइक! बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीवाल्याशी त्या भांडतात तेव्हा माइकची गरज लागत नाही हे खरं, पण चार लोकांपुढं उभं राहायचं म्हटलं की ही बाई खांबामागं जाते. लग्नकार्यात नाव घ्या म्हटलं तर उठून घरी येते. ती स्वतःहून बोलणार म्हणते म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मी चप्पल काढली आणि नोट हातात घेतली.

या नोटेमागं एक गोष्ट होती. मामांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नाही, कारण मी लग्न होऊन आले तोवर त्यांनी ती सांगणं सोडलेलं होतं. मला ती सांगितली माझ्या नवऱ्यानं, सुमितनं, आणि मामांच्या बरोबर जेऊर स्टेशनात नोकरी केलेल्या बिरुदेवकाकांनी. तीही नकला करत.

ऐंशी सालचं मोठं सूर्यग्रहण. गावानं भरदुपारी दारं लावून घेतलेली, पाण्यात तुळशीची पानं, बाहेर कुत्रंसुद्धा नाही. मामा बाबासाहेबांना मानणारे, ग्रहणाला कशाला भितील? ते एकटेच फलाटावर उभे. तेवढ्यात रायचूरकडं जाणारी गाडी सिग्नलला अडकून जेऊरला थांबली. तिकडं ग्रहण पूर्ण दिसणार म्हणून निघालेले परदेशी लोक गाडी रखडल्यानं वाटेतच अडकले होते. त्यातला एक उंच अमेरिकन साहेब हातात पेटी घेऊन खाली उतरला, सरळ मामांकडं चालत आला आणि म्हणाला...

‘कुटल्या भाशेत म्हनला रं त्रिंबक?’ असं कुणीतरी विचारायचं, आणि हशा पिकायचा. मामा सातवी पास. मग मामा चिडून खिशातून नोट काढायचे, ही बघा म्हणायचे, आणि सगळे नोटेवर घसरायचे. असली नोट असतीच न्हाय. कुटं सापडली? पोरांच्या खेळातली हाय. आत्या आतून ओरडायच्या, ‘थापाडं मानूस हाय ते, च्या घ्या आन् जावा.’ पण ते लटकं असायचं.

मग बारा-तेरा वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले, आणि शहरातल्या सात रस्ता चौकात परदेशी पैसे बदलून देणारं एक ऑफिस निघालं. बिरुदेवकाकांनी टूम काढली, चल, एकदा दाखवूनच टाकू. मामा, काका आणि अजून दोघं-तिघं असा लवाजमा गेला. तिथल्या माणसानं एक पेन काढून नोटेवर रेघ ओढली. खऱ्या नोटेवर रेघ पिवळी राहते, खोटीवर काळी होते, असं ते पेन. रेघ काळी झाली. ‘आजोबा, नकली आहे, परत कुठं दाखवू नका, केस होईल,’ असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. येताना मंडळी हसून हसून लोळली म्हणे. त्या दिवसापासून मामांनी गोष्ट बंद केली. आणि आत्यांचं ‘थापाडं मानूस’ तेव्हापासून खरोखरचं झालं. ते मी स्वतः ऐकलेलं आहे. भाजी आणायला गेलेल्या मामांना उशीर झाला, तरी आत्या म्हणायच्या, ‘काय सांगत्यात ते खरं धरू नगंस.’ मामा पिशवी ठेवायचे आणि पाणी प्यायचे.

तर अशी ती नोट. मी बल्बखाली धरली. एका बाजूला लांब केसांचा एक माणूस, दुसऱ्या बाजूला घुमटवालं घर. शिक्का आणि नंबर लाल. कागद चांगला कडक. माझ्या बोटांना ती खरीही वाटेना आणि खोटीही वाटेना. गांधीजींच्या नोटांवर तयार झालेली बोटं माझी, त्यांना अमेरिकेचं काय कळणार?

रात्री मोबाइल घेऊन बसले, ती मोठी चूक केली. एका ठिकाणी लिहिलेलं, दोन डॉलरची नोट अमेरिकेतच दुकानदार ओळखत नाहीत, खोटी समजून परत देतात. दुसरीकडं, लाल शिक्का असेल तर नशीब उघडलं. तिसरीकडं, लाल शिक्क्याची किंमत जेमतेम दर्शनी किमतीहून थोडी जास्त. नंबरात चांदणी असेल तर वेगळं, साल अमुक असेल तर वेगळं, घडी पडली असेल तर सगळंच वेगळं. सुमितला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस किंचाळत सांगत होता की ही नोट घरात असेल तर तुम्ही लखपती. सुमित लगेच जुन्या स्कूटरकडं तिरस्कारानं बघायला लागला.

‘अहो, आधी खरी आहे का ते तर ठरू द्या,’ मी म्हटलं.

‘खोटी कशाला आसंल? खोटी करनारा दोनची कशाला करंल? शंभरची न्हाय का करनार?’

हे मला पटलं. मग वाटलं, पण पेन? पेनाला काय पडलंय? आत्या दाराशी उभ्या राहून आमचं ऐकत होत्या. ‘किती येत्यात ते मला नगं,’ म्हणाल्या. ‘खरी का खोटी, येवढंच.’

बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि आत्यांना घेऊन सात रस्त्याला गेले. त्यांना नेणार नव्हते, पण त्या माझ्या आधी रिक्षात बसल्या. ऑफिस तेच होतं, माणसं नवी. काउंटरमागं टाय लावलेला एक जण, समोर पाटी, शिवराज. त्यानं नोट बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी गंमत आली. मला लगेच राग आला.

‘मॅडम, दोन डॉलर आम्ही कधी घेतलेलेच नाहीत. आणि शिक्का बघा, लाल. डॉलरचा हिरवा असतो.’

‘जुन्यांचा लाल असतो म्हणे.’

‘म्हणे,’ तो म्हणाला.

‘तुम्ही पेन लावा ना.’

त्यानं पेन लावलं. जिथं पहिल्या रेघेचा पुसट डाग राहिला होता, त्याच्या शेजारीच. रेघ आधी पिवळट दिसली आणि बघता बघता ती काळी पडली. शिवराजनं नोट दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली. केसची भीती घातली नाही, तेवढं बरं केलं. आत्यांनी रेघेकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मला वाईट वाटलं. इतका खटाटोप केला नसता तरी चाललं असतं, निदान मधेच लटकलेली शंका तरी राहिली असती.

रिक्षात आत्या एकच वाक्य बोलल्या. ‘म्हंजी तेला साहेब बी फसवून गेला, न्हाय तर त्यो आमाला फसवत हुता. दोनीतलं एक.’

मी म्हटलं, अजून एका माणसाला विचारू. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. त्यांचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून असेल.

तो माणूस म्हणजे गुरुशांत. आमच्या पतसंस्थेचे जुने खातेदार, नवी पेठेत त्यांचं जुनी नाणी आणि नोटांचं छोटं दुकान आहे. स्वभावानं अत्यंत किरकिरे, म्हणून आत्यांना घरी सोडून मी एकटीच गेले. नोट हातानं धरली म्हणून मला पहिल्यांदा बोलणी बसली. मग त्यांनी चिमट्यानं ती काचेवर ठेवली, भिंग लावलं आणि बराच वेळ तोंडातल्या तोंडात कानडीत काहीतरी पुटपुटत राहिले.

‘हे बघा,’ शेवटी त्यांनी भिंग मला दिलं. ‘कागदात तांबडे-निळे बारीक धागे दिसतात? छापलेले नाहीत, कागदातच आहेत. डोळ्यांभोवतीच्या रेघा बघा. तुटलेली एक रेघ दाखवा मला. त्रेसष्ट सालची मालिका आहे. त्या वेळी लाल शिक्काच होता.’

त्यांनी आपल्या वहीतली तशीच एक नोट काढून शेजारी ठेवली. मी दोन्हींतले फरक शोधायला लागले. तोच माणूस, तेच घर, तीच अक्षरं. फरक एकच दिसला. त्यांची नोट जुन्या पंचासारखी मऊ पडली होती आणि आमची पापडासारखी कडक.

‘म्हणजे खरी?’

‘खरी. किंमत म्हणाल तर चार-पाच डॉलर, तेही कुणी घेतली तर. अशा लाखोंनी छापल्यात.’

‘पण पेनानं काळी रेघ आली. दोनदा.’

गुरुशांतांचा चेहरा पडला. त्यांनी रेघ बघितली, परत भिंग लावलं. मग भिंग ठेवून दिलं. ‘मग मी काही सांगत नाही,’ म्हणाले. ‘कागद खरा म्हणतोय, छपाई खरी म्हणतेय, पेन खोटी म्हणतंय. माझी चाळीस वर्षं गेली यात, असं मी बघितलं नाही. लिहून मागू नका माझ्याकडून.’

‘लिहून नको, तोंडानं तरी सांगा.’

‘तोंडानंही नाही. एक सांगा, ही अशी कडक कशी? घडी इतकी जुनी, कडा झिजलेल्या, आणि कागद कोरा असल्यासारखा. तेही जुळत नाही.’

मी बाहेर पडले तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळले होते. माणूस खरी म्हणतो आणि माघार घेतो. पेनाला मत नाही, तरी ते ठाम. घरी जाऊन आत्यांना काय सांगायचं? अर्धी खरी?

घरी आत्या स्वयंपाकघरात होत्या. रविवारसाठी घेतलेली पांढरी साडी धुऊन बादलीत पिळून ठेवलेली, आणि गॅसवर पातेल्यात साबुदाण्याची खळ शिजत होती. आमच्या आत्यांना खळीशिवाय पांढरं कापड चालत नाही. मामांचे सदरे असे उभे राहायचे की आत माणूस नसला तरी चालेल.

मी पाणी प्यायले आणि सहज विचारलं, ‘आत्या, नोट इतकी कडक कशी हो राहिली?’

‘मीच केली की कडक.’

‘म्हणजे?’

‘आगं, ते सात रस्त्याला जायचं ठरलं तवा. सुमितच्या बाच्या खिशात ऱ्हाऊन ऱ्हाऊन निस्ती चिंधी झालीती. मी म्हनलं, चार मानसांत दाखवायची, आशी मळकी न्हेत्यात व्हय? आदल्या दिशी सदरा धुतला, खळ केली, त्याच खळीत नोट बी बुडवली. वाळवली, वर फडकं घालून इस्त्री फिरवली. नव्यावानी दिसाय लागली बग. त्यो बी खूस झाला.’ त्या डावानं खळ ढवळत होत्या. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘जलमात येकदाच मला वाटलं, खरं सांगत आसंल ह्यो. येकदाच. आन् तवाच तोंड काळं झालं.’

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. त्याचा आजवर मला काडीचा उपयोग झाला नव्हता. आणि आता पातेल्यातली ती पांढरी, बुडबुडणारी खळ बघता बघता मला आठवीतला बटाटा आठवला. बटाट्याच्या फोडीवर बाईंनी आयोडीन टाकलं होतं आणि फोड काळी-निळी झाली होती. पिष्ट ओळखायची ती परीक्षा, आणि साबुदाण्याची खळ म्हणजे नुसतं पिष्टच. साध्या कागदात पिष्ट असतं, डॉलरच्या कागदात नसतं. पेनात आयोडीनशिवाय दुसरं काय असणार?

आत्या साडी आणायला मोरीकडं गेल्या. मी कपाटातून जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनची बाटली काढली आणि वाटीत थोडी खळ घेऊन त्यात एक थेंब टाकला. वाटीत शाई ओतल्यासारखं झालं. तोच काळा-निळा रंग, सकाळी रेघेला आला तोच.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. नोट खरी! मामा खोटं बोलत नव्हते! आणि दुसऱ्याच क्षणी मी वाटी ओट्याच्या कडेला सारली. कारण मामांना ज्यानं खोटं पाडलं ते पेन नव्हतं, तो शिवराजच्या जागेवरचा जुना माणूस नव्हता, बिरुदेवकाका नव्हते. आत्यांनी एकदाच नवऱ्यावर विश्वास ठेवला, हौसेनं त्याची नोट सजवून दिली, आणि त्या सजवण्यानंच... पुढं दहा-बारा वर्षं त्या त्याला थापाडा म्हणत राहिल्या. तो माणूस ऐकत राहिला. हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

‘ही खळ काळी कशानं झाली?’

आत्या मागं उभ्या होत्या. हातात पिळलेली साडी.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘औषध सांडलं.’

त्यांनी वाटी उचलली, उजेडात धरली. बोट बुडवून बघितलं. मला उगीच बोलल्याशिवाय राहवेना. ‘आत्या, नोट खरी आहे. गुरुशांत म्हणाले. भिंगातून बघितली त्यांनी, शंभर टक्के खरी.’ शंभर टक्के ते म्हणाले नव्हते, ते मी घातलं.

‘मग रेग काळी का झाली?’

‘पेन खराब होतं.’

‘तवा बी आन् आज बी?’

मी बाटलीचं झाकण लावत बसले. आत्यांनी वाटी मोरीत पालथी केली, मग गॅस बंद करून पातेलंभर खळही ओतून दिली. ‘व्हय का,’ एवढंच म्हणाल्या, आणि साडी तशीच दोरीवर वाळत घातली.

रात्री मी सुमितला सगळं सांगितलं. तो आधी चार-पाच डॉलर ऐकून हिरमुसला, मग बाकीचं ऐकून उठून बसला. ‘आईला सांगू नगंस,’ म्हणाला. मी म्हटलं, सांगितलं नाहीच. पण मला नीट कळत नव्हतं की त्यांना कळलंय का नाही. पुढचे दोन-तीन दिवस त्या नेहमीसारख्या वागल्या. कचऱ्याच्या गाडीवाल्याशी भांडल्या. माइकचा विषय काढला नाही. मला वाटलं, सुटलो.

रविवारी हॉल भरला होता. जेऊरहून मंडळी आली होती, बिरुदेवकाका पहिल्याच रांगेत, डोक्याला पटका. मामांच्या फोटोला हार, पुढं मेणबत्त्या. त्रिशरण-पंचशील झालं. मग एकेक जण उठून बोलला. कष्टाळू होते, शांत होते, कधी कुणाला दुखावलं नाही. आत्या बायकांत बसल्या होत्या. बिनखळीची साडी अंगाला चिकटून त्या एकदम लहान दिसत होत्या.

खिरीची पातेली आत आली तशा त्या उठल्या आणि चालत जाऊन माइकपाशी उभ्या राहिल्या. बोलणाऱ्यानं गडबडीनं माइक त्यांच्या हातात दिला. सुमितनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होते?

‘जयभीम,’ आत्या म्हणाल्या. माइक तोंडापासून लांब होता, कुणीतरी जवळ धरा म्हणालं. त्यांनी जवळ धरला. ‘मला बोलता येत न्हाय. ही नोट बगा. ही खरी हाय. सात रस्त्याला ही खोटी म्हनले, तुमी हसलासा. मी हसले न्हाय, मी शिव्या दिल्या. मरंस्तवर दिल्या. नोट खरी हुती. ती माज्या खळीनं काळी झाली. मीच लावलीती खळ. त्यो खोटं बोलला न्हाय.’

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होती. खळ? कसली खळ? माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, दुःखानं डोक्यावर परिणाम झाला असेल. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी रडत होते, म्हणून राहिलं.

‘तर त्येची गोश्ट आज मी सांगते,’ आत्या म्हणाल्या. आवाज आता स्थिर झाला होता. ‘पुरी सांगते, कुनी मदी बोलायचं न्हाय. ऐंशी सालाला गिरान लागलंतं. समद्यांनी दारं लावलीती. सुमितचा बा फलाटावर येकटा उबा. गाडी आली, थांबली. गाडीतनं अमेरिकेचा साहेब खाली उतरला. हातात पेटी. समदी गाडी सोडून सरळ सुमितच्या बाकडं आला. आन् त्येला म्हनला...’

त्या थांबल्या.

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे ऐकत होते. आत्यांचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून काही येत नव्हतं. त्यांनी नोटेकडं बघितलं, मग फोटोकडं.

‘काय म्हनला?’ त्या स्वतःशीच म्हणाल्या, पण माइकमुळं सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. ‘बिरुदेवभावजी, साहेब काय म्हनला हो?’

काका उठून उभे राहिले. पटका काढून हातात घेतला. ‘वैनी,’ ते म्हणाले, ‘आमी हितंच हसायचो.’

‘आन् फुडं?’

काकांनी मान खाली घातली. आत्यांनी सुमितकडं बघितलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी जेऊरच्या मंडळींकडं बघितलं, गल्लीतल्या माणसांकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं.

‘आसंल की कुनाला तरी ठावं,’ त्या म्हणाल्या, आणि माइक पुढं करून तशाच उभ्या राहिल्या.